वीतभर

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात
मी मशीनचं पातं दोन खाचा वर घेतो.
उन्हानं तांबूस पडलेलं गवत मेलेलं नसतं,
डोळे मिटून पडलेलं असतं, एवढंच.
शेजारच्या वेंडेल कांगसला हे पटत नाही.
त्याचं अंगण फौजेत भरती झाल्यासारखं,
आणि मधोमध पिवळे चट्टे.

लेम्पी वाफ्यात असते,
गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन.
टोमॅटोचे शेंडे खुडते.
"आता नवी फुलं पुरे. आहेत तेवढे पिकवा."
शाळेच्या खानावळीत होती तेव्हा
ताट अर्धं टाकून उठणाऱ्या पोरांशी
ती ह्याच आवाजात बोलायची.

कांद्याच्या पातींनी माना टाकल्यात.
बटाट्याचे वेल वाळले, पण आणखी दोन आठवडे थांबायचं,
साल घट्ट होऊ द्यायची.
भोपळ्याखाली मी फळी सरकवली.
तळघरातून बरण्या वर आणल्या, एकशे चार.
मोजायच्या मी.
काठावरून बोट फिरवून टवका शोधायचा तिनं.

हे घर घेतलं तेव्हा मागे सगळं गवतच होतं,
थेट स्प्रूसच्या रांगेपर्यंत.
तिनं दोन वाफ्यांपुरती जागा मागितली.
मी बोट दिलं, तिनं मनगट धरलं.
दर वसंतात, मी गिरणीत कामाला गेलो की
वीतभर गवत फावड्यानं उलटं व्हायचं.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
फक्त जूनमध्ये मशीन फिरवताना
वळण जरा आधी यायचं.
अशी एकोणचाळीस वर्षं.
भांडलो एकदाच, त्या कोरड्या उन्हाळ्यात:
पाणी गवताला की काकड्यांना?
लोणचं मीच सगळ्यात जास्त खाल्लं.

काल संध्याकाळी उठताना
ती वाफ्याची कड धरून थांबली.
थांबलीच.
मी मशीन बंद केलं नाही.
असू दे म्हटलं थोडा आवाज.
मग नळाशी हात धुता धुता म्हणाली,
"घेवड्यापलीकडचा पट्टा तू घे परत.
गवत पेर. हेच दिवस ना गवताचे?"

दिवस हेच.
माती अजून कोमट, रात्री गार,
पहाटे दव, आणि तणही दमलेलं.
म्हणजे जिंकलो मी.

सकाळी दुकानात बियांच्या पोत्यांपुढे उभा राहिलो.
सावलीतलं बी, उन्हातलं बी,
पोरांनी तुडवलं तरी टिकणारं बी.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "जागा केवढी?"
मी दोन्ही हात पसरले,
मग थोडे जवळ घेतले.

घेतली राय.
लेम्पीची आई जिचा काळा, कडक पाव भाजायची, ती.
आता टाकली की बर्फाआधी हिरवी होते,
बर्फाखाली दम धरते,
आणि मेमध्ये फावड्यानं उलटली
की मातीत जाऊन मातीच होते,
पुढच्या वर्षीच्या घेवड्यासाठी.
गुडघा बरा असला तर.
नसला तर फावडं मलाही धरता येतं.
आणि दिसायला गवतच.
खोटं बोललो असं कुणी म्हणू नये.

दाताळ्यानं पट्टा सारखा केला,
बी फेकलं, बुटांनी दाबलं.
कड वाकडी दिसत होती.
ती सरळ करता करता
माझ्या गवतातली वीतभर गेली त्यात.

खिडकीत ती, हातात चिमटा, चष्म्यावर वाफ.
"पेरलंस?"
"पेरलं."
आत एका बरणीचं झाकण
टक् करून बसलं. मग दुसऱ्या.

रेडिओ सांगतो, सरोवराकडून वारा फिरलाय.
हिमकडा लवकर पडेल ह्या वर्षी.
टोमॅटोंवर घालायच्या जुन्या चादरी
मी दोरीवर टाकून ठेवल्यात:
एक निळी, एक फुलांची,
आणि ती मधे फाटलेली, जी टाकून दे म्हणून
ती मला दर वर्षी सांगते.